जिथे सरासरी हीच रचना असते

रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातले गागोदे बुद्रुक महाराष्ट्राला ठाऊक आहे ते विनोबा भावे यांचे जन्मगाव म्हणून. याच पेण-रोहा पट्ट्यात, नागोठण्याला, १९९० च्या सुमारास इंडियन पेट्रोकेमिकल्स या तेव्हाच्या सरकारी कंपनीचे संकुल उभे राहिले. मुंबई हायचा वायू उरणला किनाऱ्यावर येतो. त्यातून वेगळे काढलेले ईथेन आणि प्रोपेन नागोठण्याला पोचते आणि तिथे त्याचे पॉलिएथिलीन व पॉलिप्रॉपिलीन होते. याच जिल्ह्यात थळला, खत कारखान्याला लागून, १९८७ मध्ये जड पाण्याचा प्रकल्प सुरू झाला. आणि मुंबई बंदराच्या पलीकडच्या अंगाला, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, १९८५ पासून ‘ध्रुव’ ही अणुभट्टी न्यूट्रॉनांचे झोत पुरवत आली आहे. ही तीन ठिकाणे वेगवेगळ्या गरजांच्या पोटी उभी राहिली. तरीही एक प्रश्न असा आहे की ज्याच्या उत्तराला या तिन्ही ठिकाणच्या वस्तू एकत्र लागतात: हजारो दुव्यांचा साखळीरेणू पदार्थाच्या आत प्रत्यक्षात कसा पसरलेला असतो, आणि ते मोजायचे कसे? गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नाचे सर्वांत भरवशाचे उत्तर प्रकीर्णनाने, म्हणजे पदार्थावर किरण टाकून ते कोणत्या कोनात किती विखुरले हे मोजून दिले आहे. मात्र ते उत्तर नेमके कशाचे असते, याबद्दल बराच गैरसमज आहे. प्रकीर्णन हा कॅमेरा नाही. तो पंच आहे. त्याच्याकडून छायाचित्र मागितले की तो फसवतो, आणि दोन कल्पनांतली चुकीची कोणती असे विचारले की तो सहसा चुकत नाही. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे आणि पुढचा सगळा पुरावा त्यासाठी मांडला आहे.

आधी यंत्रणा पाहू. एखाद्या रेणूच्या दोन भागांवरून विखुरलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात तेव्हा काही दिशांना त्यांची बेरीज होते, काही दिशांना वजाबाकी. रेणू जितका मोठा, तितका हा फरक लहान कोनात दिसू लागतो. म्हणून स्फटिकातल्या अणूंची अंतरे मोजायला मोठे कोन लागतात, तर काही नॅनोमीटरच्या प्रथिनासाठी किंवा पॉलिमरच्या गुंडाळीसाठी मूळ झोताच्या अगदी लगतचे, एखाद-दोन अंशांतले कोन पाहावे लागतात. या लघुकोनी पद्धतीचा पाया फ्रेंच शास्त्रज्ञ आंद्रे गिनिए यांनी १९३९ मध्ये घातला. अगदी लहान कोनात प्रकीर्णनाची तीव्रता ज्या वेगाने उतरते, त्यावरून रेणूच्या पसाऱ्याची त्रिज्या थेट मिळते, हे त्यांनी दाखवले. त्यासाठी रेणूचा आकार आधी माहीत असण्याची गरज नसते. कोंबडीच्या अंड्यातल्या लायसोझाइम या प्रथिनासाठी ही त्रिज्या दीड नॅनोमीटरच्या आसपास येते, गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिनसाठी सुमारे तीन. क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात, न्यूट्रॉन अणुकेंद्रांवरून, तर लेझरचा प्रकाश त्याहून मोठ्या, शेकडो नॅनोमीटरच्या कणांसाठी सोयीचा. साधने तीन असली तरी गणित एकच आहे, आणि त्या गणिताची मर्यादाही एकच.

ती मर्यादा आधीच स्पष्ट मांडलेली बरी, कारण या पद्धतीवरचा सर्वांत मोठा आक्षेप तिथूनच येतो. द्रावणात रेणू सगळ्या दिशांना तोंड करून तरंगत असतात. त्यामुळे मोजमापात दिशांची सरासरी होते, लहरींची कला हरवते आणि हाती उरते ती एक गुळगुळीत, उतरती रेषा. त्या रेषेत स्वतंत्र माहिती किती असते, याचा हिशेब रेणूची कमाल लांबी आणि मोजलेल्या कोनांची व्याप्ती यांवरून करता येतो. लायसोझाइमसारख्या लहान प्रथिनासाठी तो पाच-सहा आकड्यांवर येतो, दुप्पट लांबीच्या प्रथिनासाठी दहाच्या आसपास. उलट लायसोझाइममध्ये हायड्रोजन वगळून सुमारे हजार अणू आहेत, म्हणजे त्यांची पूर्ण जागा सांगायला तीन हजार आकडे हवेत. पाच आकड्यांवरून तीन हजार ठरवता येत नाहीत. एकाच रेषेला बसणारे आकार कितीतरी निघतात. संगणक अशा रेषेवरून मण्यामण्यांचा सुबक आकार रचून देतो आणि निबंधांत तो रंगीत छापलाही जातो, पण तो अनेक शक्यतांपैकी एक असतो. हा आक्षेप खरा आहे, आणि तो खोडायचा प्रयत्न करण्यात अर्थ नाही. प्रश्न असा विचारायला हवा की ज्याचे उत्तर पाच-दहा आकड्यांत मावते असे मोलाचे प्रश्न आहेत का? आहेत, आणि पॉलिमर व प्रथिने यांच्या विज्ञानातले काही कळीचे वाद नेमके त्याच जातीचे होते.

पहिला वाद वितळलेल्या प्लास्टिकमधल्या साखळीचा. पॉल फ्लोरी यांनी १९४९ मध्ये असे मांडले की दाट वितळीत प्रत्येक साखळी अशी पसरते की जणू तिला स्वतःच्या इतर भागांचा अडथळाच होत नाही. शेजारच्या साखळ्यांची गर्दी तो अडथळा पुसून टाकते. याचा अर्थ, पसाऱ्याची त्रिज्या साखळीच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढली पाहिजे. विरोधकांना हे पटत नव्हते. त्यांच्या मते वितळीत साखळ्या गठ्ठ्यांनी, काहीशा समांतर राहत असणार. हे तपासण्यात अडचण अशी की सगळ्या साखळ्या सारख्याच. ताटभर शेवयांतून एकच शेवई ओळखायची तर तिला रंगवावे लागेल, आणि रंगाने तिचा पोत बदलता कामा नये. तसा रंग निसर्गात आहे: हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम. रसायन जवळपास तेच राहते, पण न्यूट्रॉनांना हे दोन अणू अगदी वेगळे दिसतात. हायड्रोजनची प्रकीर्णन-लांबी उणे ३.७४ फेम्टोमीटर तर ड्यूटेरियमची अधिक ६.६७. १९७० च्या दशकात फ्रान्स आणि जर्मनीतल्या गटांनी ड्यूटेरियमयुक्त पॉलिस्टायरीनच्या थोड्या साखळ्या साध्या पॉलिस्टायरीनमध्ये मिसळून न्यूट्रॉन प्रकीर्णन मोजले. एक लाख रेणुभाराची साखळी ताणून सरळ केली तर सुमारे २४० नॅनोमीटर भरेल. तिच्या पसाऱ्याची त्रिज्या मिळाली सुमारे नऊ नॅनोमीटर, आणि वर्गमुळाचा नियम तंतोतंत उतरला. फ्लोरी बरोबर होते. इथे कोणी साखळीचे चित्र काढले नाही आणि काढण्यासारखे एक चित्र अस्तित्वातही नव्हते. कोट्यवधी साखळ्या कोट्यवधी आकारांत वळवळत होत्या, आणि त्यांची सरासरी हीच त्यांची रचना होती.

दुसरा वाद नागोठण्याच्या मालाशी थेट जोडलेला आहे. पॉलिएथिलीन थंड होताना अर्धवट स्फटिक बनते: दहा-वीस नॅनोमीटर जाडीचे स्फटिकी पापुद्रे आणि त्यांच्या मधे विस्कळीत थर. मोठ्या कोनातले क्ष-किरण स्फटिकांश किती हे सांगतात, लहान कोनातले पापुद्रे एकमेकांपासून किती अंतराने येतात ते सांगतात. जास्त घनतेच्या, बिनफांद्यांच्या पॉलिएथिलीनमध्ये स्फटिकांश जास्त, म्हणून त्याची कॅन ताठ. कमी घनतेच्या मालात फांद्या पापुद्र्यांत बसत नाहीत, म्हणून त्याची पिशवी मऊ. पण साखळी पापुद्र्यातून बाहेर आल्यावर करते काय? १९५७ मध्ये अँड्र्यू केलर यांनी सुटे स्फटिक पाहून सांगितले की साखळी पृष्ठभागाशी घडी घालून परत आत जाते. ती लगेच शेजारच्याच जागी शिरते, असे पुष्कळांनी मानले. फ्लोरींचे म्हणणे होते की ती बहुतेक वेळा दूर कुठेतरी शिरते, किंवा थेट शेजारच्या पापुद्र्यात जाते. १९७९ मध्ये केंब्रिजला झालेल्या फॅरेडे चर्चासत्रात हा वाद कडाक्याने झाला. तिथेही साक्षीला न्यूट्रॉनच होते: वितळीतून झटकन थंड केलेल्या नमुन्यात साखळीच्या पसाऱ्याची त्रिज्या जवळपास वितळीइतकीच राहते, असे दिसले. ओळीने घड्या घालत साखळी एकाच पापुद्र्यात बसली असती तर हा पसारा असा टिकला नसता. यातून शेजारघडीची कल्पना पुरती बाद झाली नाही, द्रावणात वाढवलेल्या स्फटिकांना ती बऱ्याच अंशी लागू पडते. पण कारखान्यात वितळीतून थंड होणाऱ्या मालाला ती जशीच्या तशी लावता येत नाही, हे ठरले. पापुद्र्यांना जोडणाऱ्या साखळ्यांवरच पाइपचा किंवा पिशवीचा चिवटपणा अवलंबून असतो, त्यामुळे हा प्रश्न केवळ ग्रंथातला नव्हता.

इथे एक रास्त शंका येते: रंगाने खरोखरच पोत बदलला नाही ना? थोडा बदलतो. ड्यूटेरियमयुक्त पॉलिएथिलीन साध्यापेक्षा काही अंश कमी तापमानाला वितळते, त्यामुळे मिश्रण सावकाश थंड केले तर दोन्ही प्रकारच्या साखळ्या वेगवेगळ्या गोळा होतात आणि मोजलेला आकडा एका साखळीचा न राहता गोळ्याचा होतो. सुरुवातीच्या काही निष्कर्षांत या घोळामुळे गोंधळ झाला, आणि म्हणूनच नमुने झटकन थंड करण्याची पद्धत पडली. पुढे १९८६ मध्ये फ्रँक बेट्स आणि जॉर्ज विग्नॉल यांनी दाखवले की साखळ्या फार लांब असतील तर वितळीतसुद्धा हे दोन प्रकार एकमेकांत पूर्ण मिसळत नाहीत. शंका बरोबर होती, पण तिचा निकाल कसा लागला हे महत्त्वाचे आहे: तोही प्रकीर्णनानेच लागला. मिश्रण फुटू लागले की लहान कोनातली तीव्रता अवाजवी चढते, आणि गिनिएंच्या पद्धतीने मांडल्यावर जी सरळ रेषा यायला हवी ती मोडते. आपल्याच मोजमापातली भेसळ दाखवणारी ही खूण या पद्धतीची मोठी जमेची बाजू आहे. प्रथिनांच्या द्रावणात गुठळ्या झाल्या तरी रेषा याच जागी बिघडते.

प्रथिने हेही पॉलिमरच आहेत, फक्त त्यांच्या दुव्यांचा क्रम ठरलेला असतो. घडी घातलेल्या प्रथिनाची त्रिज्या लांबीच्या साधारण घनमुळाने वाढते, कारण ते घट्ट गोळा असते. युरियासारख्या रसायनांनी घडी मोडली की काय होते? २००४ मध्ये जोनाथन कोन आणि सहकाऱ्यांनी १६ ते ५४९ अमिनो आम्लांपर्यंतच्या २८ घडी मोडलेल्या प्रथिनांची क्ष-किरणांनी मिळालेली मापे एकत्र मांडली. त्रिज्या लांबीच्या ०.५९८ व्या घाताने वाढते असे निघाले. चांगल्या द्रावकातल्या साध्या, कृत्रिम पॉलिमरसाठी सिद्धान्त ०.५८८ सांगतो. वीस प्रकारच्या अमिनो आम्लांचा क्रम काहीही असो, मोडलेले प्रथिन चांगल्या द्रावकातल्या पॉलिस्टायरीनच्याच नियमाने पसरते, हे कोणत्याही एका प्रथिनाच्या चित्रातून कधी कळले नसते. पुढे याच क्षेत्रात एक लांबलेला मतभेद झाला. रसायन पातळ करत गेले तर मोडलेली साखळी आक्रसते, असे प्रथिनाला दोन रंगद्रव्ये जोडून त्यांच्यातले अंतर मोजणारे म्हणत होते. प्रकीर्णनवाले म्हणत होते, फारशी नाही. जोडलेल्या रंगद्रव्यांचा परिणाम किती, आणि दोन टोकांमधले अंतर व सगळ्या साखळीचा पसारा यांचे नाते प्रत्येक वेळी सारखेच असते का, हे तपासल्यावर दोन्ही बाजू बऱ्याच जवळ आल्या. दोन पद्धती दोन वेगळ्या सरासऱ्या मोजत होत्या, हे त्यातले एक महत्त्वाचे कारण निघाले. सरासरी कशाची, हे न सांगता आकडा देण्यात काय धोका आहे, याचे हे बोलके उदाहरण.

अनेक घटकांच्या जुडग्यात न्यूट्रॉनांची खरी ताकद दिसते. साधे आणि जड पाणी योग्य प्रमाणात मिसळले की द्रावण प्रथिनाशी एकरूप होऊन प्रथिन न्यूट्रॉनांना दिसेनासे होते. त्यासाठी जड पाण्याचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास लागते. डीएनएसाठी ते पासष्टच्या आसपास असते. म्हणजे एकाच नमुन्यात आधी एक घटक लपवायचा, मग दुसरा. १९७० च्या दशकात या युक्तीने ठरले की पेशीकेंद्रात डीएनए प्रथिनांच्या गाभ्याभोवती बाहेरून गुंडाळलेले असते. स्फटिकातून त्याची बारीक रचना त्यानंतर कित्येक वर्षांनी मिळाली. याहून कठीण परीक्षा झाली ती रायबोसोमची. येल विद्यापीठाच्या पीटर मूर आणि डोनाल्ड एंगलमन यांनी जिवाणूच्या रायबोसोमच्या लहान भागातली प्रथिने जोडीजोडीने ड्यूटेरियमयुक्त करून त्यांच्यातली अंतरे मोजली आणि १९८७ पर्यंत सगळ्या २१ प्रथिनांचा नकाशा पुरा केला. त्या गटात वेंकी रामकृष्णन काही वर्षे होते. पुढे २००० मध्ये त्यांच्याच गटाने या भागाची स्फटिकावरून रचना काढली आणि २००९ च्या नोबेलमध्ये ते वाटेकरी झाले. दोन्ही नकाशे ताडून पाहिले तेव्हा न्यूट्रॉनांनी दाखवलेल्या जागा बहुतांशी बरोबर निघाल्या. उत्तर माहीत नसताना दिलेली परीक्षा नंतर तपासली जाण्याचे भाग्य फार थोड्या पद्धतींना मिळते. तिथेही यश आले ते ‘आकार सांग’ असे न विचारता ‘या दोघांतले अंतर सांग’ असे विचारल्यामुळे.

ट्रॉम्बेची परंपरा या इतिहासाशी सुरुवातीपासून जोडलेली आहे. ‘अप्सरा’ १९५६ मध्ये आणि कॅनडाच्या सहकार्याने बांधलेली ‘सायरस’ १९६० मध्ये सुरू झाली. पी. के. अय्यंगार कॅनडातल्या चॉक रिव्हरला बर्ट्रम ब्रॉकहाउस यांच्या हाताखाली न्यूट्रॉन प्रकीर्णन शिकून आले आणि त्यांनी इथे तो गट बांधला. ब्रॉकहाउस यांना १९९४ चे नोबेल मिळाले. शंभर मेगावॉटच्या ‘ध्रुव’वरील लघुकोनी यंत्र ०.५२ नॅनोमीटर तरंगलांबीचे न्यूट्रॉन वापरते आणि साधारण दोन ते पस्तीस नॅनोमीटरच्या रचना पाहते. पी. एस. गोयल, व्ही. के. अस्वल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर केलेले काम या लेखातल्या तत्त्वाला धरून आहे. त्यांचे प्रश्न असे: थंड पाण्यात सुटे राहणारे आणि तापवल्यावर गोळा होणारे ठोकळा-पॉलिमर, म्हणजे प्लुरॉनिक, कोणत्या तापमानाला कोणत्या आकाराचे पुंजके करतात. साबणासारखे रसायन अल्ब्युमिनमध्ये घातले की उलगडलेल्या साखळीवर पुंजके मण्यांसारखे कसे ओवले जातात. सिलिकाच्या सूक्ष्मकणांना लायसोझाइम एकत्र आणते पण अल्ब्युमिन तसे करत नाही, ते का. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर विद्युतभारात आहे: सिलिका ऋण, लायसोझाइम धन आणि अल्ब्युमिन ऋण. असे प्रश्न ‘हे की ते’ या स्वरूपाचे असतात, आणि मध्यम ताकदीच्या यंत्रावरही त्यांची निःसंदिग्ध उत्तरे मिळतात. यंत्र विद्यापीठांतल्या लोकांना वापरता यावे यासाठी विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्या संयुक्त संस्थेचे मुंबई केंद्र आहे. क्ष-किरणांसाठी इंदूरच्या ‘इंडस-२’ या सिंक्रोट्रॉनवर लघुकोनी आणि प्रथिन-स्फटिकांची स्वतंत्र केंद्रे आहेत.

यावर आज दोन आक्षेप जोरात घेतले जातात. पहिला असा की अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला २०१७ चे आणि प्रथिनांच्या रचनेचे संगणकी भाकीत व नवी प्रथिने बेतणे या कामांना २०२४ चे नोबेल मिळाल्यावर गुळगुळीत रेषा मोजत बसण्यात काय हशील? पण या दोन्ही पद्धती ज्या प्रथिनाला एक ठाम आकार आहे त्यात सर्वांत भक्कम आहेत. माणसाच्या प्रथिनांचा मोठा भाग पाण्यात सैल लोंबत राहतो, आणि तिथे संगणकाचे भाकीत स्वतःच ‘विश्वास कमी’ असे सांगून मोकळे होते. दोन घट्ट भाग लवचीक दुव्याने जोडलेले असतील तर प्रत्येक भाग संगणक नीट रेखाटतो. ते एकमेकांपासून किती लांब राहतात हे द्रावणातली रेषाच सांगते. उलट भाकितांची गर्दी जितकी वाढेल तितके ती तपासणारे मोजमाप लागेल. दहा आकडे चित्र काढायला अपुरे असले तरी चुकीचे चित्र नाकारायला पुष्कळ होतात. आणि प्लास्टिकच्या बाबतीत तर हा आक्षेप लागूच पडत नाही, कारण तिथे भाकीत करायला एक रचना मुळात नाहीच.

दुसरा आक्षेप पैशाचा आणि ताकदीचा. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या न्यूट्रॉन संस्थेची अणुभट्टी ५८ मेगावॉटची, पण तिच्यातला न्यूट्रॉनांचा प्रवाह ‘ध्रुव’च्या आठेक पट आहे, कारण तिचा गाभा लहान आणि समृद्ध युरेनियमचा आहे. तिथे मिनिटांत होणारे मोजमाप इथे तास घेते. मग नमुने तिकडेच का पाठवू नयेत? झपाट्याने बदलणाऱ्या घटनांसाठी पाठवावेतच. मात्र स्पर्धेतून मिळालेल्या दोन दिवसांच्या वेळेत माणूस जे खात्रीने जमेल तेच मोजतो. फसू शकणारा नमुना वारंवार बदलून पाहायला, विद्यार्थ्याला पाणी-जडपाण्याची पाच मिश्रणे स्वतः लावून बघू द्यायला जवळचे संथ यंत्र जास्त उपयोगी. शिवाय या पद्धतीतला सर्वांत अवघड भाग झोताचा नसतो, नमुन्याचा असतो. ड्यूटेरियमयुक्त पॉलिमर आणि प्रथिने तयार करण्यासाठी ग्रेनोबलला आणि ऑस्ट्रेलियात स्वतंत्र प्रयोगशाळा आहेत. ज्या जिल्ह्यात जड पाणीही बनते आणि पॉलिएथिलीनही, तिथे रंगवलेल्या साखळ्या बनवणे ही चैन ठरत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रघुनाथ माशेलकर यांच्या काळापासून पॉलिमरच्या प्रवाहाचे आणि घडणीचे जाणते गट आहेत. फुगवून पिशवी करताना साखळ्या कशा वळतात हा त्यांचा आणि कारखान्याचा समान प्रश्न आहे.

एकूण हिशेब मांडला तर या पद्धतीला तिने न दिलेल्या वचनांसाठी दोष दिला जातो आणि न केलेल्या कामासाठी कधी कधी श्रेयही दिले जाते. दोन्हींवर उपाय एकच आहे. निबंधात मण्यांचा रंगीत आकार छापायचा असेल तर त्याच्याशेजारी मोजलेली रेषा, गिनिएंच्या सरळ रेषेची तपासणी आणि त्याच रेषेला बसणारे दुसरे आकारही छापावेत. कोणती कल्पना बाद झाली हे पहिल्या वाक्यात लिहावे, कोणती सुचली हे नंतर. फ्लोरींचा वाद, पापुद्र्यांचा वाद आणि रायबोसोमचा नकाशा, या तिन्ही ठिकाणी माणसांनी मोजण्याआधी प्रश्न धारदार केला होता आणि उत्तर कोणत्याही बाजूने येऊ शकत होते. यंत्र ट्रॉम्बेचे असो की ग्रेनोबलचे, ही अट पाळली तर पाच आकडेही एखादा सिद्धान्त मोडायला पुरेसे असतात. ती पाळली नाही, तर कितीही प्रखर झोत वापरला तरी हाती येतो तो आपल्याच अपेक्षेचा आकार.